गायक स्वयंपाकघरात, गिटार बाथरूममध्ये

पहिली गोष्ट म्हणजे, मला वेड लागलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत याबद्दल दोन मतं आहेत, आणि दुसरं मत आमच्याच घरात राहतं. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करतो. लोकांच्या घरात काय काय जळलं, बुडालं, कोसळलं हे मी दिवसभर अत्यंत शांत चेहऱ्याने वाचतो. असा माणूस उगाच घरात सहा स्पीकर आणत नाही. त्याला कारण लागतं, आणि माझं कारण होतं दादा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आयुष्यभर बसडेपोत वेळापत्रकं लावायचा. कुठली गाडी कधी सुटणार, कुठे कुणाला वाट देणार, सगळं त्याच्या डोक्यात. मार्चअखेर निवृत्त झाला आणि गप्प झाला. नुसता गप्प नाही, विझल्यासारखा. वहिनींनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाजच सांगत होता. "भाऊजी, भांडतसुद्धा नाहीत हो. चहा गार झाला तरी पितात. परवा मी मुद्दाम त्यांची ती जुनी कॅसेट लावली, तर उठून गॅलरीत जाऊन बसले."

हे ऐकून मी ताडकन उभा राहिलो. कारण ती कॅसेट साधी नव्हती. मी कॉलेजात असताना दादाने पहिल्या पगारातून आणलेली. लांब केसांच्या चार गोऱ्या माणसांचं रॉक, आणि त्यात कॅसेटची अख्खी एक बाजू खाणारं एकच गाणं. त्या गाण्यावर दादा पलंगावर उभा राहून तोंडाने गिटार वाजवायचा. तोंडाने म्हणजे काय, सबंध शरीराने. आमचे वडील, अप्पा, खालून छडीने छताला ठोकायचे आणि दादा त्याचाही ठेका धरायचा. तो माणूस गाणं लागल्यावर उठून गॅलरीत जातो? नाही. हे मला चालणार नव्हतं. मी वहिनींना म्हटलं, "येत्या रविवारी दोघं आमच्याकडे या. दादाला पुन्हा ओरडायला लावलं नाही तर नाव बदलीन."

ही प्रतिज्ञा करताना माझ्याकडे होतं काय? एक जुना टीव्ही. म्हणून मी दुकानात गेलो.

दुकानदाराने मला बसवलं आणि शिकवणी घेतली. मोनो म्हणजे एका भोकातून सगळी मंडळी. स्टिरिओ म्हणजे डावीकडे काही, उजवीकडे काही, आणि तुम्ही समोर, प्रेक्षक. पण सराउंड म्हणजे साहेब, तुम्ही बँडच्या मधोमध! पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि खर्जासाठी एक डबा वेगळा. शिवाय तेच जुनं गाणं आता मूळ फितींवरून नव्याने मांडून तबकडीवर आलंय, गायक समोर, ढोल पुढच्या दोघांत, गिटार मागे डावीकडे, ऑर्गन मागे उजवीकडे. "छतात बसवायचेही चार मिळतात," तो म्हणाला, "पाऊस खराच डोक्यावर पडल्यासारखा वाटतो." मी म्हटलं, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, आम्हाला ती सोय आधीपासून आहे.

खोकी घरी आली. बायकोने दारातच विचारलं, "हे किती माणसांसाठी आहे?" मी म्हटलं, "पाच आणि एक." ती म्हणाली, "मग जेवायला ताटं किती?"

इथे गणिताचे मास्तर प्रवेश करतात. मास्तर शेजारी राहतात, भिंतीला भिंत. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण सोडवायला काही मिळालं नाही की त्यांचा जीव कासावीस होतो. स्पीकरबरोबर आलेलं पत्रक त्यांनी माझ्या हातातून घेतलंच. "खुर्ची केंद्र. सगळे स्पीकर एकाच वर्तुळावर. पुढचे दोघे तीस अंशांवर, मागचे एकशे दहावर. अहो, हे तर सातवीचं आहे!" त्यांनी खडू आणला आणि माझ्या हॉलच्या फरशीवर वर्तुळ काढायला घेतलं.

आमचा हॉल लांब आहे, पण रुंदीला बेताचा. बांधणाऱ्याने त्याला हॉल म्हटलंय हे त्याच्या मनाचं मोठेपण. वर्तुळ पुढे व्यवस्थित आलं, मागे गेलं आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत शिरलं. मास्तर थबकले नाहीत. भिंत ही त्यांच्या दृष्टीने अडचण नव्हती, नुसती एक रेषा होती. डाव्या भिंतीपलीकडे मोजत ते आमच्या बाथरूममध्ये पोचले. "मागचा डावा इथे. नळाच्या वर माळा आहे ना, बरोब्बर त्यावर." मग उजवीकडे मोजून ते बाहेर गेले, स्वतःच्या घरात शिरले, आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "मागचा उजवा आमच्या ओट्याच्या कोपऱ्यावर!"

मी म्हटलं, "मास्तर, म्हणजे ऑर्गन तुमच्या स्वयंपाकघरात?"

"गणितात आलंय," मास्तर म्हणाले. "आता माझी हरकत असून उपयोग काय?"

समोरचा मधला, म्हणजे गायकाचा स्पीकर, टीव्हीखाली यायला हवा होता. टीव्हीखाली हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली खिडकी आहे, ताटं-वाट्या इकडून तिकडे द्यायची. तिथे स्पीकर ठेवल्यावर बायको पलीकडून म्हणाली, "ही खिडकी माझी आहे. डबा ठेवायचाच असेल तर तोंड माझ्याकडे. मी काय दिवसभर त्याची पाठ बघू?" तिने तो फिरवला. जगप्रसिद्ध गायक माझ्याकडे पाठ करून तिच्या भाजीकडे बघत उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, तू काहीच बोलला नाहीस? बोललो ना. मी म्हटलं, "अगं, पण." त्यापुढे संधी मिळाली नाही.

राहिली वायर. मास्तरांच्या घरात वायर न्यायची तर आमच्या दारावरच्या झरोक्यातून बाहेर, जिन्यापुढच्या बोळातून त्यांच्या झरोक्यात. ती टांगून आम्ही खाली उतरतोय तोच सोसायटीचे सेक्रेटरी हजर. यांना सगळे नियमकाका म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडतं.

"सामायिक जागेत वायर टांगता येत नाही," नियमकाका म्हणाले.

"काका, बारीक आहे हो."

"जाड-बारीक नियमात नाही. कपडे वाळत घालायची दोरी चालते. वायर चालत नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. "दोरीची व्याख्या काय?"

नियमकाकांनी बराच विचार केला. "जिच्यावर कपडे वाळतात ती दोरी."

मास्तर घरात गेले, एक ओला टॉवेल आणला आणि वायरवर टाकला. नियमकाकांनी टॉवेल चिमटीत धरून पाहिला. खरोखर ओला होता. "मात्र टॉवेल सुकला की ती वायर होणार," त्यांनी बजावलं, "मी बघायला येईन." आणि येऊ लागले. त्यामुळे रोज सकाळी ऑफिसला निघताना टॉवेल भिजवणं हे माझ्याकडे आलं. दावे विभागात मी उशिरा पोचू लागलो आणि साहेबांना खरं कारण सांगायची सोय नव्हती.

आता चाचणी. अॅम्प्लिफायरमध्ये एक सोय असते, बटण दाबलं की एकेका स्पीकरमधून क्रमाने नुसती फुस्स्स येते, कोण बोलतोय कोण नाही ते कळावं म्हणून. अत्यंत उपयुक्त सोय. घरच्यांना आधी सांगायला हवं होतं, एवढंच माझं चुकलं. पुढच्या डाव्यातून फुस्स आली, मी मान डोलावली. मग मधल्यातून आली. स्वयंपाकघरात बायको किंचाळली, "गॅस! गॅस गळतोय!" तिने शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मला ढकलत बोळात काढलं. तोवर फुस्स मास्तरांच्या ओट्यावर गेली. मास्तरीणबाई ओरडत बाहेर आल्या, "अहो, आमच्याकडेपण!" खालच्या मजल्यावरचे लोक वर पाहत जिना उतरू लागले. तेवढ्यात फुस्स आमच्या बाथरूममध्ये पोचली, आत आमची लेक केस धूत होती, ती म्हणाली पाइप फुटला. नियमकाकांनी धावत जाऊन अख्ख्या इमारतीचं पाणी बंद केलं.

मी सगळ्यांना अंगणात समजावलं की ही गळती नसून तंत्रज्ञान आहे. लेक साबणाचं डोकं घेऊन गच्चीवरच्या टाकीपाशी उभी होती. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

एवढं होऊन रविवारी वहिनींना पडसं झालं आणि येणं पुढे ढकललं. एकदा नाही, दोनदा. मधल्या दिवसांत मी रोज संध्याकाळी खुर्चीत, वर्तुळाच्या केंद्रात, बसून गाणं लावायचो. मला काय ऐकू यायचं? ढोल. आणि सोफ्याखालच्या डब्यातून खर्ज, ज्याने कपाटातल्या कपबशा नाचायच्या. बाकी बँड लोकांच्या घरी. मी बँडच्या मधोमध होतो हे खरं, पण मंडळी पांगली होती.

आणि मग चमत्कारिक गोष्ट घडायला लागली. बायको, जिला या संगीताला 'भांडी पडतात' असं म्हणायची सवय, ती भाजी चिरताना गुणगुणायला लागली. फक्त गायकाचा भाग, पण तंतोतंत. मधेच गायक गप्प झाला की हीसुद्धा सुरी थांबवायची, कारण तिच्या मते त्या वेळात गाण्यात काही नव्हतंच. लेकीची आंघोळ लांबत चालली. "बाबा, गिटार आली की मगच शांपू," ती म्हणाली, आणि हे अबोल्यानंतरचं आमच्यातलं पहिलं बोलणं. मास्तरीणबाई तर मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "काल ऑर्गन अर्ध्यात का तोडलात? माझी उकळी यायची होती." एकाच गाण्याच्या तिघी भक्त, आणि तिघींची गाणी वेगळी. एकदा बायको आणि मास्तरीणबाई बोळात टॉवेलखाली उभ्या राहून तावातावाने वाद घालत होत्या, की हे गाणं दुःखाचं आहे की आनंदाचं.

पण मला काळजी दादाची. त्याला मी नुसता ढोल ऐकवणार होतो का? शनिवारी मास्तरांना पकडलं. त्यांनी पुन्हा खडू घेतला आणि दोन मिनिटांत सांगितलं की वर्तुळ लहान केलं तर सगळं हॉलमध्ये मावतं. फक्त खुर्ची पार पुढे सरकवावी लागते, आणि ती नेमकी दाराला टेकते. दार उघडत नाही.

"मास्तर, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही फक्त मोठं वर्तुळ विचारलंत."

मी विचार केला, एक दिवस दार नाही उघडलं तर काय बिघडतं? पाहुणे आत आले की झालं. तेव्हा शनिवारी संध्याकाळी मी ऑर्गन शेजारून उचलून आणला, गिटार माळ्यावरून उतरवली, गायकाला हॉलकडे फिरवलं. घरातल्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातली माणसं विकायला काढलीत. पण मी ठाम राहिलो. प्रश्न दादाचा होता.

रविवारी दादा-वहिनी आले. दादा बारीक झाला होता. हसला, पण नुसत्या ओठांनी. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, पाणी प्याला, आणि "कसं काय" म्हणून गप्प बसला. मला रडू आलं असतं, पण मी यजमान होतो. मी त्याला खुर्चीत बसवलं, दाराला खेटून, स्पीकरांच्या कोंडाळ्यात, आणि तबकडी लावली.

काय सांगू! एकेक वाद्य वेगळं, सुटं, लख्ख. गिटारवाल्याची बोटं तारेवरून सरकल्याचं ऐकू येत होतं. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी दादाच्या तोंडाकडे बघत होतो. वहिनीपण तिकडेच बघत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. दादा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, न्हाव्याकडे दाढीला बसतात तसा. गाणं अर्ध्यावर आलं. तो म्हणाला, "छान आहे. स्पष्ट आहे."

संपलं. मला वाटलं, स्पीकर काय आणि मी काय, दोघांना खोक्यात घालून परत पाठवावं. वहिनींनी मान खाली घातली.

तेवढ्यात दार वाजलं. "कोण आहे?" "मी. मास्तरांकडची. दार उघडा." "उघडत नाही हो." "का?" "दादा बसलाय." बाहेरून दाराला आणखी एक धक्का. मग मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग त्यांना उठवा. माझ्या ऑर्गनचं बघायचंय."

दादा उठला. खुर्ची सरकवली. मास्तरीणबाई आत आल्या, कुणाकडेही न बघता मागचा उजवा उचलून काखेत मारला आणि म्हणाल्या, "दुपारचा चहा ठेवायचाय मला. ऑर्गनशिवाय मला वेळ कळत नाही." त्या वायर ओढत निघाल्या, मागून मास्तर ओला टॉवेल घेऊन. ते पाहून आमच्या घरातल्यांना धीर आला. बायकोने गायकाला उचलून स्वतःकडे फिरवलं. लेक गिटार घेऊन बाथरूममध्ये गेली, माळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "सॉरी बाबा, पण इथेच चांगली वाजते."

मी कपाळाला हात लावला. गाणं मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं, बटणावर कुणाचं तरी कोपर पडलं असणार. हॉलमध्ये नुसता ढोल.

दादा उभाच होता. इकडे तिकडे बघत म्हणाला, "ए, गाणारा कुठे गेला?"

"स्वयंपाकघरात."

"आणि ऑर्गन?"

"शेजारी. मास्तरांच्या ओट्यावर."

"गिटार?"

मला सांगायची लाज वाटत होती. "बाथरूममध्ये, दादा."

दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्याचे ओठ हलू लागले. मी ओळखलं, तो मोजत होता. डेपोत करायचा तसंच, कुठली गाडी कधी येते. "दोन कडवी झाली की ऑर्गन सुटतो," तो पुटपुटला, "आणि मी इथे काय करतोय?" आणि माझ्या देखत, अडुसष्ट किलोचा तो माणूस, पळाला.

दारातून बाहेर, टॉवेलखालून वाकून, मास्तरांच्या घरात. आम्ही मागे. तो ओट्यापाशी पोचला आणि त्याच क्षणी ऑर्गन सुरू झाला. मास्तरीणबाई ओट्यावर बोटं वाजवत होत्या, दादाने त्यांच्या शेजारी दोन्ही हात टेकले आणि तोही वाजवू लागला. न बोलता, न ओळखता, चार हात एका ओट्यावर. "आता हे खाली येणार," मास्तरीणबाई म्हणाल्या. "येणार नाही, आधी वर जाणार!" दादा ओरडला. ओरडला! वहिनींनी माझा दंड असा दाबला की वळ उठला.

"सरका, गाणारा लागतोय!" दादा परत आमच्याकडे, थेट स्वयंपाकघरात. बायकोने पळी त्याच्या हातात दिली, तिने सुरी हातात धरली, आणि दोघं पातेल्याकडे तोंड करून गायला लागली. बायकोला शब्द येत नव्हते, दादाला कधीच येत नव्हते. दोघांचं एकमत होतं.

मग तो बाहेर येऊन बोळाच्या तोंडाशी थांबला, हात वर करून, वाहतूक अडवावी तसा. "गिटार! गिटारला वाट द्या!" लेकीने बाथरूमचं दार सताड उघडलं. तो आत शिरला, लांब दांड्याचा ब्रश उचलला, बादली उलटी करून तिच्यावर उभा राहिला. मी म्हटलं, "दादा, बादली मोडेल!" तो म्हणाला, "मोडू दे!" आणि गिटार आली. तोंडाने, खांद्यांनी, गुडघ्यांनी, पलंगावर वाजायची तशीच. फरशी लावलेल्या भिंतींनी ती दुप्पट केली. मग मीसुद्धा, पंचावन्न वर्षांचा माणूस, हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर दोन्ही हातांनी ढोल बडवला. कुणीतरी बडवायला हवाच होता.

नियमकाका आले ते या वेळी. "तक्रार आली आहे," ते म्हणाले. "कुणाची?" "माझीच." पण मग ते दारातच उभे राहिले. एका कानाला ऑर्गन, एका कानाला गिटार, समोरून ढोल. त्यांनी टॉवेल चाचपला, ओला होता. "संपेपर्यंत थांबतो," ते म्हणाले, "पूर्ण ऐकल्याशिवाय निर्णय देता येत नाही." निर्णय त्यांनी अजून दिलेला नाही.

बादली मोडली. चहा झाला. दादाने गार झालेला कप परत पाठवला आणि गरम मागितला, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

निघताना दादा चपला घालता घालता थांबला. "मास्तर, रविवारी मोकळे आहात का? खडू घेऊन या. आमच्याकडे हॉल चौकोनी आहे, पण बाथरूम दोन आहेत. वरच्या मजल्यावरच्यांना काही लावू, स्वभावाने बरे आहेत." मास्तर म्हणाले, "खालचे?" "खालच्यांना खर्ज," दादा म्हणाला, "त्यांना विचारायचीही गरज नाही."

"अहो, पण मला विचारलंत का?" वहिनी म्हणाल्या.

"तुला काय हवंय?"

वहिनींनी एवढासा विचार केला. "मला ढोल."

ते जिना उतरू लागले. आम्ही कठड्यावरून वाकून बघत होतो. पहिल्या वळणापर्यंत दादा गप्प होता, आणि मला क्षणभर भीती वाटली. मग खालून गिटार ऐकू आली, तोंडाने, एकेक मजला उतरत, दारं उघडत चाललेली. आणि तिच्या मागोमाग वहिनींचा आवाज, "अहो, हळू! लोक बघतायत! हळू म्हणते ना!" ओरडताना त्या इतक्या हसत होत्या, की शेवटचं 'हळू' त्यांच्या तोंडून धड निघालंच नाही.